वाकळ शिवायची म्हणे!

पहिली वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला सुई, दोरा आणि जुनी लुगडी लागतात. पैकी सुई-दोरा बाजारात मिळतो. लुगडी आईच्या ट्रंकेत असतात, आणि ट्रंक उघडली की खटला उभा राहतो.

"ते शहापुरी नको, ते नेसून तुझं बारसं केलंय."

"मग हे इरकल?"

"ते मामानं दिलेलं."

"आणि हे फाटकं?"

"फाटलं म्हणून काय झालं? घरात नेसायला येतंय की!"

बिनविरोध मिळतात त्या फक्त नायलॉनच्या साड्या, आणि नेमक्या त्याच वाकळीला चालत नाहीत. घाम टिपत नाहीत आणि सुईखाली अशा घसरतात, की वरचा थर खानापूरला जातो आणि खालचा निपाणीला. नवशिक्याने सुतीच घ्यावं, तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवं कापड लावायची हौसच असेल तर आधी धुऊन आटवावं. लाल रंगावर तर सख्ख्या भावाचा असला तरी विश्वास ठेवू नये. ओलं पांढरं फडकं घासून बघावं; ते गुलाबी झालं, तर पहिल्या धुण्यात अख्खी वाकळ गुलाबी होणार.

माप लहान धरावं, पाळण्यातल्या बाळापुरतं. नात्यात बाळ नसेल तर थांबावं. आपल्याकडे लग्नं काही थांबत नाहीत. आत तीन-चार थर पुरे. ते जमिनीवर ताणून अंथरायचे आणि मधून कडेकडे लांब कच्चे टाके घालायचे. एवढ्यात पाहुणे येतातच, आणि चपला काढून नेमके त्याच्यावर बसतात.

मग खरा धावदोरा. कर्नाटकातल्या हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या, बायका कवंदी (त्यांची वाकळच ती) शिवताना कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्याला येतात, कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. बघायला सोपं वाटतं. पण दोन लुगड्यांचे काठ एकावर एक आले, की सुई अर्ध्यात रुतते. मागून ढकलली तर बोटात, पुढून ओढली तर दोरा तुटतो. बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून टोपण, घालावं. मी घालतो, तरी ती बरोबर त्याच्या शेजारचं बोट शोधते.

त्यात पुरुषमाणूस शिवतोय म्हटल्यावर गल्लीला करमणूक. "काय शिवुलालास रे? बायको म्हायेरी गेली काय?" आत्या तर पुढून बघतच नाही. वाकळ उलटी करते, चष्मा वर सारते आणि म्हणते, "हे टाके व्हय? बेडूक उड्या मारत गेल्यागत दिसतंय." शेजारच्या कन्नड अक्कांचं म्हणणं, टाके बारीक आहेत पण ओळ वाकडी. आत्याच्या मते ओळ सरळ, टाके मोठे. दोघींचा वाद रंगतो आणि मी चहा ठेवायला उठतो.

हे सगळं उन्हाळ्यातच उरकावं. जूनमध्ये पाऊस लागला, की भिजलेली वाकळ पिळायला दोघं लागतात आणि ती वाळते गणपतीला.

शेवटचं ठिगळ लावताना मात्र आत्या आणि अक्का यांचं एकमत झालं. वाकळ उपाशी ठेवू नये, आत भाकरीचा तुकडा घालावा. मी ताटातली घालायला निघालो, तर दोघी एकदमच ओरडल्या. तुकडा कडकडीत वाळलेला हवा; ताजा घातला, तर बाळाच्या आधी मुंग्या येऊन झोपतात.