‘ज्योत नाही, मग भीती कसली?’ : ईथरवरच्या एका संदेशाला उत्तर

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या गटांमध्ये एक संदेश फिरतोय. मथळा आहे ‘ईथरचा बागुलबुवा’. सांगणं असं की डायएथिल ईथरला, म्हणजे प्रयोगशाळेत पदार्थ विरघळवायला वापरतात त्या झटकन उडणाऱ्या द्रवाला, लोक उगाच घाबरतात. जवळ ज्योत नसली की ते पेटत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं की प्रश्नच मिटतो. एकेकाळी ते माणसांना हुंगवत होते, म्हणजे श्वासातून गेलं तरी काही होत नाही. आग लागलीच तर पाणी आहेच. द्रव स्वच्छ दिसतोय तोवर बाटली चांगली, आणि शंका आलीच तर झाकण उघडून वास घेऊन बघा. खाली सही ‘अनुभवाचे बोल’.

पंचाईत अशी की यातली बरीचशी विधानं निव्वळ थापा नाहीत. प्रत्येकात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणून तर ती पटतात. पण लिहिणाऱ्याची नजर सगळा वेळ बाटलीतल्या द्रवावर आहे. ईथरच्या बाबतीत घात करते ती वाफ, आणि ती दिसत नाही.

‘ज्योत नसेल तर पेटत नाही’

ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्याही खाली. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ४५ अंश आहे. इतक्या थंडीतही द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, तर साध्या खोलीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ही वाफ हवेच्या अडीच पट जड. ती वर जाऊन विरत नाही. बाकावरून घरंगळते, कडेवरून खाली उतरते, जमिनीलगत पसरते. जुने शिक्षक एक प्रयोग करून दाखवत : तिरकी धरलेली पन्हळ, वरच्या टोकाला ईथरमध्ये भिजवलेला कापूस, खालच्या टोकाला पेटती मेणबत्ती. काही क्षण काहीच होत नाही. मग ज्योत खालून वर धावत जाते आणि कापूस पेटतो. ‘जवळ’ म्हणजे किती जवळ, हे ज्यानं तो प्रयोग पाहिलाय त्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

आणि ज्योत तरी कशाला हवी? ईथरच्या वाफेचं स्वयंप्रज्वलन तापमान १६० ते १८० अंशांच्या आसपास आहे. तेवढी तापलेली वस्तू भेटली की ठिणगीशिवाय आग. पेट्रोलला यासाठी अडीचशेच्या घरात जावं लागतं. हॉट प्लेटचा पृष्ठभाग सहज तीनशेच्या वर जातो, आणि बटण बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. दिवा विझलेला, प्लेट काळीच्या काळी, बघणाऱ्याला वाटतं सगळं थंड आहे. ‘आमच्याकडे बर्नर नाहीत, हॉट प्लेट आहेत’ हे वाक्य मी अभिमानानं सांगितलेलं ऐकलंय. ईथरपुरता त्या अभिमानाला काही आधार नाही. ईथर तापवायचंच असेल तर गरम पाणी दुसऱ्या खोलीतून आणून वॉटर बाथमध्ये ओतायचं, ही जुनी कटकटीची पद्धत अजूनही चांगली आहे. गार झालं की पुन्हा आणायचं. पाय दुखले तर दुखू देत.

ठिणगीचं गणित आणखी वाईट. हवेत मिसळलेली ईथरची वाफ पेटायला योग्य प्रमाण असेल तर सुमारे ०.२ मिलीज्यूल ऊर्जा पुरते. कोरड्या हवेत दाराच्या मुठीला हात लावल्यावर बोटाला जो चटका बसतो, तो जाणवायलाच साधारण १ मिलीज्यूल लागते. म्हणजे आपल्याला कळतसुद्धा नाही अशा ठिणगीनं काम होतं. ईथर वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे ओतताना त्यात स्थिर विद्युत साठते. धातूच्या मोठ्या डब्यातून काढताना दोन्ही भांडी तारेनं जोडून जमिनीशी अर्थिंग करतात ती याच कारणानं.

‘फ्रिजमध्ये ठेवा, प्रश्न मिटला’

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात, आणि तिच्यामागचं कारण मजेशीर आहे. ईथरची वाफ हवेत साधारण १.९ टक्क्यांपासून ३६ टक्क्यांपर्यंत असेल तर पेटते. पेट्रोलची पट्टी दीडपासून साडेसात टक्क्यांच्या आसपास संपते, त्यावरून ही किती रुंद आहे ते लक्षात यावं. आता २० अंशांच्या खोलीत बंद बाटलीतल्या मोकळ्या जागेत ईथरची वाफ ५८ टक्क्यांच्या आसपास असते. इतकी दाट की हवा कमी पडते आणि बाटलीच्या आतलं मिश्रण पेटूच शकत नाही. तीच बाटली ० ते ४ अंशांत ठेवली की प्रमाण २५ ते ३० टक्क्यांवर येतं. म्हणजे थंड करून आपण आतलं मिश्रण नेमकं पेटण्याच्या पट्ट्यात आणून ठेवलं! धोका कमी करण्याचा हा प्रकार उलटाच म्हणायचा.

बाटलीच्या बाहेर काय होतं तेही पाहू. साध्या फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट असतो, दार उघडताच लागणारा दिवा असतो, त्या दिव्याचा खटका असतो. प्रत्येकाला ठिणगी पडण्याची जागा. झाकण किंचित सैल असलं तर रात्रभरात बंद कपाटात वाफ साठते, आणि थर्मोस्टॅट आपल्या वेळेला चालू होतो. आतल्या भागात ठिणगी पडू नये अशी रचना केलेले प्रयोगशाळेचे खास फ्रिज मिळतात. तसा नसेल तर ज्वलनशील द्रवांच्या कपाटात, सावलीत, घट्ट झाकणानं ठेवलेलं ईथर त्या साध्या फ्रिजपेक्षा बरं.

‘माणसांना हुंगवत होते’

हुंगवत होते, खरंच. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी रुग्णाला ईथर दिलं, जॉन वॉरन यांनी सगळ्यांसमोर शस्त्रक्रिया केली, आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं. पण पुढची गोष्ट संदेशात गाळली आहे. माणूस निपचित राहावा यासाठी लागणारं ईथरचं प्रमाण सुमारे १.९ टक्के. वाफ पेटायला लागते तो खालचा आकडाही तोच. शस्त्रक्रियेच्या खोलीत झोपेचं औषध आणि पेटतं मिश्रण एकाच नळीतून वाहत होतं, आणि तिथे स्फोट झालेही. वीज वाहून नेणारी फरशी आणि स्थिर विद्युत साठू न देणारी पादत्राणं शस्त्रक्रियागृहात आली ती अशाच ज्वलनशील वायूंमुळे. १९५६ मध्ये हॅलोथेन हे न पेटणारं भुलीचं औषध वापरात आल्यावर ईथर मागे पडत गेलं.

कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीसाठी अमेरिकेत घातलेली मर्यादा ४०० पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत ४००, ०.०४ टक्के. त्याच्या वर डोकं जड होतं, गुंगी येते. गुंगी आलेल्या माणसाच्या हातात फ्लास्क नको, एवढं तर ‘अनुभवी’ माणसालाही पटावं. वासावर विसंबणाऱ्यांसाठी एकच : नाक थोड्या वेळात सरावतं आणि वास येईनासा होतो, वाफ मात्र तिथेच असते. फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच काम करा.

‘पाणी आहेच’

ईथरची घनता ०.७१. पाण्यावर तरंगतं, आणि पाण्यात विरघळतं तेही थोडंच. पेटलेल्या ईथरवर पाण्याचा झोत मारला की आग पाण्यावर स्वार होऊन फिरायला लागते. कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा विझवणारा हवा. छोट्या बीकरात पेटलं असेल तर वर काचेची तबकडी सरकवून झाकलं तरी विझतं. ईथर बेसिनमध्ये ओतू नये त्याचंही कारण हेच. वाफ नळीतून फिरून दुसऱ्याच बेसिनमधून वर येते.

‘स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलं आहे’

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हा धोका बाटली कपाटात शांत बसलेली असताना तयार होतो. हवेतला ऑक्सिजन आणि उजेड यांच्या संगतीत ईथरपासून हळूहळू पेरॉक्साइड, म्हणजे सहज स्फोट होणारी संयुगं बनतात. ते ईथरमध्ये विरघळलेले असतात, द्रव पाण्यासारखा नितळ राहतो. म्हणून डोळ्यांना काहीच कळत नाही. बाटली गडद तपकिरी काचेची असते ती उजेड अडवण्यासाठी, आणि आत पेरॉक्साइड बनू न देणारा बीएचटीसारखा रोधक किंचित घातलेला असतो. पण रोधक वापरला जाऊन संपतो. ईथर ऊर्ध्वपातनानं शुद्ध केलं तर तो मागेच राहतो. म्हणजे ‘मी स्वतः शुद्ध केलेलं आहे’ असं कुणी सांगितलं की अधिक सावध व्हायचं.

पेरॉक्साइड ईथरपेक्षा खूपच कमी उडतात. फ्लास्कमधून ईथर निघून जातं आणि ते तळाशी गोळा होत जातात. सुरुवातीला नगण्य असलेलं प्रमाण शेवटच्या चमचाभर द्रवात घातक होतं, तळ कोरडा पडत आला की उष्णतेनं स्फोट होतो. ईथर कधीही कोरडं होईपर्यंत उडवायचं नाही, किमान दहावा भाग मागे ठेवायचा, आणि सुरू करण्याआधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून बघायची. पट्टी नसेल तर अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवलेलं पोटॅशियम आयोडाइड चालतं, पिवळं पडलं की समजायचं. बऱ्याच प्रयोगशाळांचा दंडक असा : २५ पीपीएमच्या आत असेल तर वापरा, त्यापुढे ऊर्ध्वपातनाचा विचार सोडा, १०० च्या वर गेलं तर हात लावू नका. बाटलीवर आली ती तारीख आणि उघडली ती तारीख, दोन्ही लिहायच्या. एवढं करणारे लोक वर्षानुवर्षं रोज ईथर वापरतात आणि त्यांना काही होत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

राहिला तो शेवटचा सल्ला, झाकण उघडून वास घेण्याचा. ईथरच्या भाऊबंदांत डायआयसोप्रोपिल ईथर आहे, त्याचे पेरॉक्साइड स्फटिक बनून बसतात, कधी थेट झाकणाच्या आट्यांमध्ये. झाकण फिरवताना होणारं घर्षण त्यांना पुरतं. तेव्हा कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात तारीख पुसलेली, झाकण अडकलेलं किंवा तोंडाशी पांढरी खपली धरलेली ईथरची बाटली सापडली, तर ती उघडायची नाही, हलवून पाहायची नाही, पुसायला बाकावरही आणायची नाही. कपाटाचं दार आहे तसं ठेवून इतरांना खोलीबाहेर काढायचं आणि सुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला बोलवायचं.