आधी उत्तर द्या, मग कारण

स्पर्धा परीक्षांच्या मॉक इंटरव्ह्यूत मुलांना ऐकताना एक गोष्ट मनाला फार लागते. अभ्यास दांडगा असतो, पण मूळ मुद्दा बाहेर यायला दोन मिनिटं लागतात. तोवर समोरच्याचं लक्ष उडालेलं असतं.

माण तालुक्यातल्या उमेदवाराला विचारा, "तुमच्याकडे दुष्काळ का?" सुरुवात नैऋत्य मोसमी वाऱ्यांपासून होते, मग हवामानबदल, मग योजनांची यादी. खरं तर एवढं पुरे: "माण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, सर. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे जेमतेम ५००च्या आसपास." आणि थांबायचं. पाणलोटाची कामं टिकली का, चारा छावण्या कशा चालल्या, हे मुलाखत घेणारं मंडळ पुढे विचारेलच. तिथे या मुलाकडे डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला असतं, आणि नेमकी तिथेच वेळ उरत नाही.

यात मुलांचा दोष मी मानत नाही. दहावी-बारावीचा पेपर सुटल्यावर आपणच विचारतो ना, "किती पुरवण्या लावल्यास?" पानं भरली की गुण मिळतात, हे वर्षानुवर्षं मनावर बिंबवलेलं पोर मुलाखतीतही पुरवण्याच जोडत बसतं.

यूपीएससीत गुणवत्तायादीसाठी लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण धरतात. ही उलटतपासणी नसून सहज पण हेतुपूर्वक केलेला संवाद आहे, असं आयोगच अधिसूचनेत सांगतो. साधारण अर्ध्या तासात अध्यक्षांसह सगळ्या सदस्यांना तुमच्याशी बोलायचं असतं. मुलाखत मराठीतून देता येते आणि ती जरूर द्यावी. तेव्हा मध्ये दुभाषी असतो. लांबलचक, एकात एक गुंतलेलं वाक्य त्याच्या हातून अर्धंच पोहोचण्याची भीती असते. छोटं वाक्य नीट पोहोचतं.

आणि "माहीत नाही, सर" म्हणायला मुलं इतकी का घाबरतात? ते पूर्ण उत्तर आहे. उद्या अधिकारी झाल्यावर फाइलवर अंदाजाने शेरा मारणारा माणूस कोणाला हवाय?

मॉक घेणाऱ्या सर-मॅडमना कळकळीची विनंती आहे. मुलगा दोन वाक्यांत नेमकं बोलून थांबला की "अजून?" म्हणू नका हो. तो गप्प राहिला तर राहू दे. त्याच्या उत्तरातलाच एखादा शब्द धरून पुढचा प्रश्न विचारा.