डोळे मिटून घ्यायचा इंटरफेस

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. चौथे आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळातले काका. खाली लिहिलेलं, ‘तू रेकॉर्डिंगचं करतोस ना, खरं का रे हे?’

मजकूर थोडक्यात असा. घरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर डोळे मिटून १९२ किलोहर्ट्झचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घ्या. ३२ बिटचा असेल तर लेव्हल बघत बसायची गरज नाही. पोर्ट यूएसबी-सीच हवं, म्हणजे हेडफोनात आवाज उशिरा येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ‘घूं’ येत असेल तर इंटरफेस हलका आहे, बदलून टाका. आणि इनपुट कमीत कमी आठ घ्या, पुढे लागतातच.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. दोन गोष्टी तर त्याने अगदी बरोबर सांगितल्यात. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात कंडेन्सर माइक खुपसून काही हाती लागत नाही, कारण त्या माइकला ४८ व्होल्ट लागतात आणि ते तिथे मिळत नाहीत. आणि माइकची केबल दोन्ही टोकांना एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या गोल कनेक्टरचीच हवी. माझं भांडण आहे ते उरलेल्या पाच मुद्द्यांशी.

आधी १९२. हा आकडा म्हणजे आवाजाचं मोजमाप सेकंदाला किती वेळा घेतलं जातं ते. ४८ किलोहर्ट्झवर सेकंदाला ४८,००० वेळा, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचा, म्हणजे २४,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात मावतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० पर्यंत ऐकतो, आणि वय वाढेल तसं वरचं ऐकू येणं कमीच होत जातं. १९८२ साली बाजारात आलेली सीडी ४४.१ वर चालते आणि तिच्यावरचं गाणं कमी आहे असं फारसं कुणाला वाटलं नाही. व्हिडिओसाठी ४८ हीच रीत आहे. तुमचा अभंग शेवटी यूट्यूबवरून कुणाच्या तरी मोबाइलवर वाजणार, तिथे तो १९२ चा राहणारच नाही. जागेचं म्हणाल तर २४ बिटमध्ये (बिट म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहायचं ते) चार ट्रॅकची अर्ध्या तासाची बैठक ४८ वर साधारण एक जीबी होते, १९२ वर चार. प्रोसेसरवरचा बोजाही तसाच वाढतो. वटवाघळांचे आवाज पकडून सावकाश ऐकायचे असतील तर १९२ जरूर घ्या.

३२ बिटचा मुद्दा जास्त घातक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक खरंच लेव्हल बघायचं सोडून देतात.

तबला घ्या. लेव्हल लावताना वादकाला म्हणावं, ‘जोरात वाजव.’ तो वाजवतो, पण ते हळूच जोरात असतं. आपण गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, लावतो, सगळं हिरव्यात दिसतं. मग रेकॉर्डिंग सुरू होतं, तो रंगात येतो, रेला चढत जातो आणि तिहाईच्या शेवटच्या ‘धा’ला चाट अशी काही बसते की लाल दिवा लागतो. नंतर ऐकलं तर नेमका तेवढाच ‘धा’ फुटलेला. कागदाचा चुरगळा होतो तसा आवाज. बाकी सगळं सुंदर, आणि सम फुटलेली! तो ‘धा’ रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही प्लगइनने जसाच्या तसा परत येत नाही.

हा आवाज फुटतो कुठे? माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये, किंवा त्याचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरच्या तोंडाशी. म्हणजे फाइल किती बिटांची करायची हा प्रश्न येण्याआधीच. बहुतेक इंटरफेसवर ३२ बिट असं लिहिलेलं असतं ते इंटिजर, म्हणजे पूर्णांकांचं, असतं. त्यात वरचं छत आहे तिथेच राहतं, फक्त तळ आणखी खोल खणला जातो. एका बिटाला साधारण ६ डेसिबल धरले तर २४ बिटांचे १४४ होतात. प्रत्यक्षात उत्तम कन्व्हर्टरही १२० च्या आसपास दमतो. म्हणजे २४ बिटांतल्या शेवटच्या तीन-चार बिटांतही नुसती खरखर भरलेली असते. त्याखाली आणखी आठ बिट घेऊन त्यात काय साठवायचं? आपल्या घरातला पंखा?

३२ बिट फ्लोट, म्हणजे दशांशचिन्ह सरकणारे आकडे, हे वेगळं प्रकरण आहे. झूम या ऑडिओ कंपनीच्या यूएसी-२३२ सारखे थोडे इंटरफेस ते खरोखर देतात. त्यात हळू आवाजासाठी एक आणि मोठ्यासाठी एक असे दोन कन्व्हर्टर एकाच वेळी चालतात, त्यामुळे लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा यांच्याबद्दल कुठेतरी ऐकलं आणि ते सगळ्यांना लावून टाकलं. तबल्यापासून चार बोटांवर ठेवलेला माइक स्वतःच गुदमरला, तर मात्र फ्लोटही काही करू शकत नाही. माझी पद्धत साधी आहे. २४ बिट, आणि वादकाच्या ‘हळूच जोरात’ला मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही (शून्य म्हणजे छत). रंगात आला की तो सहा डेसिबल वर जातोच, तेवढी जागा त्याला मोकळी ठेवायची.

आता यूएसबी-सी. हे पोर्टच्या तोंडाचं नाव आहे, वेगाचं नाही. फोकसराइट कंपनीच्या स्कारलेट इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीला मागे सी पोर्टच आहे, पण आत यूएसबी २.० चालतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. हिशेब करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक चॅनल म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबिटही नाही. दोन आत, दोन बाहेर धरले तरी पाचच्या आत. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८० आहे. आठपदरी रस्त्यावरून एक सायकल चाललीय, तिच्यासाठी रस्ता रुंद करून ती लवकर पोचेल का?

उशीर होतो तो बफरमुळे. लॅपटॉप आवाज थेंब थेंब घेत नाही, एक भांडं भरलं की उचलतो. भांडं १०२४ सॅम्पलचं, म्हणजे मोजमापांचं, असेल तर ४८ वर ते भरायला २१ मिलिसेकंद लागतात, आणि परत हेडफोनात यायला तितकेच. झाले ४२, शिवाय कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरचा (इंटरफेस आणि लॅपटॉप यांचं बोलणं करून देणारं सॉफ्टवेअर) थोडा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४२ मिलिसेकंदांत चौदा मीटर. मैफलीत तबलजी शेजारी मांडीला मांडी लावून बसतो. इथे तो चौदा मीटर लांब, सभागृहातल्या मागच्या रांगेत बसून साथ करतोय असं समजा. समेवर कोण येणार? भांडं १२८ चं केलं तर एका बाजूला पावणेतीन मिलिसेकंदच लागतात. पण मग लॅपटॉपला ते फार वेळा उचलावं लागतं, आणि दमला की टक्-टक् असे आवाज येतात.

तो दमतो की नाही हे ठरतं मुख्यतः ड्रायव्हरवर. विंडोजवर यासाठी एएसआयओ लागतं. ही पद्धत स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणली आणि अजून तीच चालते. कंपनीने आपल्या इंटरफेससाठी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर लिहिलाय का, आणि तो तुमच्या विंडोजसाठी अजून अपडेट होतोय का, एवढं विकत घेण्याआधी तिच्या साइटवर जाऊन बघा. खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे आणि ती खोक्यावर कधीच नसते. मॅकवर कोअर ऑडिओ ही तशीच सोय आधीपासून असते, तिथे ही कटकट कमी. टक्-टक् तरीही येत असेल तर रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करून बघा. कित्येकदा तिथेच थांबतं.

आणि नुसतं गायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही. जवळजवळ प्रत्येक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं. ते दाबलं की तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनात येतो. लोक वर्षभर इंटरफेस वापरतात आणि त्या बटणाला हात लावत नाहीत.

‘घूं’ची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायचीय, कारण त्यापायी लोक चांगले इंटरफेस विकायला काढतात.

एक मुलगा माझ्याकडे त्याचा लॅपटॉप, इंटरफेस आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन आला. पांढरी एकमध्ये गातो. तानपुऱ्याची पिन इंटरफेसला लावली की मागे बारीक घूं, त्याच्या घरी तर फारच. त्याची तक्रार मोठी मजेदार होती. म्हणे, ‘पंचम चढा लागतोय.’ तानपुरा बरोबर लागलेला. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची घूं बहुतेक वेळा १०० हर्ट्झवर जास्त ऐकू येते, आणि पांढरी एकचा खालचा पंचम येतो ९८ वर. पोराचा कान अगदी खरं सांगत होता, दोन पंचम एकमेकांना घासत होते.

मी लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. घूं गायब. परत लावली, परत हजर. त्याच्या चार्जरच्या तीन पिना एका दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये जोडपिन लावून खुपसलेल्या होत्या, म्हणजे अर्थिंग कुठेच नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून मनगट फिरवलं तर बारीक झिणझिण्या येतात, अनेकांनी अनुभवलं असेल. तोच गळका करंट केबलच्या जाळीवरून रेकॉर्डिंगमध्ये शिरतो. एक्सएलआर केबलला तो सहसा बाधत नाही, गिटार किंवा तानपुऱ्याच्या साध्या केबलला लगेच बाधतो. उपाय म्हणजे बॅटरीवर रेकॉर्ड करा, नाहीतर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या एकाच बोर्डावर सगळं लावा. घूं घालवायला कशाचीही अर्थिंगची पिन तोडू नका, जीव जाईल. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा दुसरा चोर. तो मधल्या आकड्यावर असला की गिटारच्या पिकअपमध्ये किरकिर येते, पंखा बंद केला की थांबते. त्या मुलाने इंटरफेस बदलला नाही.

मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही, ते म्हणजे गेन. शुअर कंपनीचा एसएम ७ बी माइक पॉडकास्टवाल्यांमुळे सगळ्यांना हवा असतो. पण तो डायनॅमिक माइक इतका हळू बोलतो की कंपनीच किमान ६० डेसिबल गेन मागते. स्कारलेट टू-आय-टूच्या तिसऱ्या पिढीत ५६ मिळतो, चौथीत ६९. तिसरीवर नॉब पूर्ण पिळूनही आवाज पुरेसा येत नाही आणि माणूस म्हणतो, माइक खराब. कंडेन्सर वापरणाऱ्याला यातलं काही जाणवणारही नाही. म्हणून माइक आधी ठरवा, इंटरफेस नंतर.

राहिले आठ इनपुट. पूर्ण ड्रम सेट किंवा आख्खा बँड एकत्र रेकॉर्ड करायचा असेल तर घ्या. काकांच्या मंडळात एक गायक, पेटी, पखवाज आणि सहा टाळकरी, सगळे एका हॉलमध्ये. तिथे आठ माइक लावले तर आठही ट्रॅकवर टाळच येतील, आणि नंतर मिक्समध्ये कुठलाही फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर केला तरी टाळच वर येईल. त्यापेक्षा दोन इनपुट पुरे. एक माइक गायकाला जवळून, दुसरा पेटी-पखवाजाच्या मध्ये. भिंतीला दोन गोधड्या टांगायच्या आणि टाळकऱ्यांना दाराबाहेर पॅसेजमध्ये बसवायचं, म्हणजे टाळ येईल पण बेताने.

काकांना मी हेच सांगितलं. दोन इनपुटवाला त्यांनी घेतलाय, ड्रायव्हरही बघून घेतला. टाळकऱ्यांना बाहेर बसायला सांगायचं काम मात्र गुरुवारच्या भजनावर ढकललं होतं. असे तीन गुरुवार झाले.