हरणाऱ्या संघाच्या खेळाडूंना गुण मिळत नाहीत? खुलासा

मुंबईतल्या ऑफिस ग्रुपांवर मेसेज फिरतोय: फँटसी प्रीमियर लीगमध्ये (इंग्लिश फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ) तळाच्या संघाचे खेळाडू घेऊ नका, हरल्यावर गुणच मिळत नाहीत.

साफ चूक. खेळाडूला विजयाचे वेगळे गुण या खेळात नाहीतच. खेळलेली मिनिटं, गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) मोजले जातात. २०२२-२३ मध्ये लेस्टर संघ लीगबाहेर फेकला गेला, तरी त्यांच्या हार्वी बार्न्सने १३ गोल मारले, मॅडिसनने १०. गोलकीपरला दर ३ सेव्हला (अडवलेल्या फटक्यांना) १ गुण, म्हणजे बचाव ढिसाळ असला की त्याच्या हाताला कामच काम! (दर २ गोल खाल्ले की १ गुण जातो, तेही आहेच.)

बचावपटूंबाबत मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. क्लीन शीटचे (सामन्यात एकही गोल न खाण्याचे) ४ गुण अशा संघाकडून क्वचितच. पण २०२५-२६ पासून १० टॅकल (चेंडू हिसकावणं), क्लिअरन्स (चेंडू गोलपासून दूर मारणं) वगैरे केल्यास बचावपटूला २ गुण मिळतात, आणि सतत दबावाखालचा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) तेवढे सहज करतो.