बर्फात जुनी जिप्सी की नवी एसयूव्ही?

पिंट्याने नवी गाडी घेतली आणि डिसेंबरात घरच्यांना घेऊन मनालीला जायचं ठरवलं. "स्नो मोड आहे, शोरूममध्ये सांगितलं कुठेही जा," असं तो म्हणाला आणि गॅरेजवाल्या भाऊंनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"चाकं किती ओढतात तुझ्या गाडीची?"

"पुढची दोन."

"मग तो मोड करणार काय? इंजिनाचा जोर आवरेल, चाक जागच्या जागी फिरू देणार नाही. मागची चाकं कुठून ओढायला लागतील?"

भाऊंचा जीव मारुतीच्या जुन्या जिप्सीवर, चारही चाकं ओढणाऱ्या. हलकी गाडी, अरुंद टायर. ताज्या बर्फात अरुंद टायर खाली रुततो आणि घट्ट जमिनीला जाऊन भिडतो, नव्या गाड्यांचे रुंद टायर वरच तरंगतात, हा त्यांचा मुद्दा. तो खराच आहे. पण पिंट्याही गप्प बसणारा नाही. "भाऊ, तुमच्या जिप्सीचं एक मागचं आणि एक पुढचं चाक गुळगुळीत बर्फावर आलं की सगळा जोर त्याच दोन चाकांत वाया जातो. आताची जिम्नी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावते आणि जोर पलीकडच्या चाकाला देते. थारला तर मागचा डिफरन्शियल लॉक मिळतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं बरोबरच फिरतात. जिप्सीत यातलं काय होतं?"

इथे मी पिंट्याच्या बाजूने. पातळ, दाबलेल्या बर्फावर नवी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, जुनीपेक्षा कितीतरी सरस आहे, आणि नवख्या ड्रायव्हरला तर फारच.

पण खोल बर्फाचं गणित वेगळं. जिप्सी असो की जिम्नी, पोटाखाली 210 मिलिमीटर जागा, म्हणजे वीतभरच. बर्फ त्याच्या वर गेला की तो पोटाखाली दाबला जातो, गाडी त्यावर बसते आणि चाकं अधांतरी होतात. मग फावडं काढायचं, दुसरा इलाज नाही. त्याच्या थोडं आधी, भुसभुशीत बर्फातून रेटा न सोडता निघायचं असतं, तेव्हा चाक जागच्या जागी फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल ऐनवेळी जोर तोडतो. म्हणून तर तो बंद करायचं बटण असतं. पिंट्याला ते कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं.

मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. मनालीच्या पुढे, अटल बोगद्याच्या अलीकडे, सोलंगच्या वर, भाड्याची नवीकोरी फोर बाय फोर घेऊन गेलो होतो. चढताना गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला. पायाखाली पेडल खडखडायला लागलं, चाकं जाम होऊ न देणारा एबीएस आपलं काम करत होता, स्टिअरिंग वळवलेलं होतं आणि गाडी सरळच चालली होती. हळूहळू, माणूस चालतो तेवढ्या वेगाने. मागे आई बसली होती, तिने माझा खांदा धरला. रस्त्याकडेला सारून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात बंपर घुसला म्हणून थांबलो. एका स्थानिक ड्रायव्हरने टायरांना साखळ्या, म्हणजे चेन, बांधून दिल्या. लोखंड इतकं गार की माझी बोटं त्याला चिकटत होती. "पहिला गिअर, ब्रेकला पाय लावू नका," एवढंच बोलला तो.

फोर बाय फोर चढवते. थांबवायचं काम चारही चाकांना ब्रेक असलेली कुठलीही गाडी करते, आणि ते सगळं टायरच्या रबरावर. 7 अंशांखाली आपलं नेहमीचं रबर कडक होत जातं. बर्फाच्या टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असते, आपल्याकडच्या गाड्यांना तसे टायर मी तरी पाहिले नाहीत. 2024च्या डिसेंबरात सोलंगला हजारेक गाड्या अडकल्या, त्यांत जुन्या जिप्स्या किती असतील?

भाऊंनी मान हलवली. "बर्फ पडला की मनालीच्या पुढे नेहरूकुंडापाशी पोलीस फोर बाय फोरशिवाय पुढे सोडत नाहीत. तू तिथून तिकडचीच गाडी कर."

"आणि तिथवर जातानाच बर्फ लागला तर?"

"चेन ठेव. पुढच्या चाकांना लावायची, गाडी तीच ओढतात. मागच्यांना लावून उपयोग नाही. आणि इथे पार्किंगमध्ये दोनदा लावून बघ."

पिंट्या उठला, मोबाइलचा उजेड टायरवर धरून आकडे वाचायला लागला. भाऊ मागून ओरडले, "नीट लिहून घे, माप चुकलं तर चेन बसायची नाही!"