निवृत्ती दीर्घ, निवृत्तिवेतन ऱ्हस्व

बाई निवृत्त होणार हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. त्यांचं मानपत्र मी लिहायचं आहे हे कळलं तेव्हा घाम फुटला.

एरवी मानपत्रात अवघड असं काही नसतं. उत्सवमूर्ती कुणीही असो, ती 'मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि हसतमुख' असतेच. नाव तेवढं बदलायचं. पण इथे उत्सवमूर्ती म्हणजे माझा हात धरून 'क' गिरवून घेणाऱ्या बाई. मी दोन पानं लिहायची, ती चौकटीत बसवायची आणि त्यांच्याच हातात द्यायची. शिंप्याला आपण शिवलेला सदरा भेट द्यावा, तसलं हे काम. तो 'वा, छान' म्हणेल, पण नजर काजांवर असणार.

हे माझ्या गळ्यात पडलं समितीमुळे. माजी विद्यार्थ्यांनी अकरा जणांची समिती नेमली होती. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच अभियंत्यानं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं होतं. एकटा माणूस जीव तोडून ओढतो. आठ जण लागले की प्रत्येकाचा जोर निम्म्यावर येतो. आमच्या समितीत दहा जण 'ओढा, ओढा' म्हणणारे होते आणि दोर माझ्या हातात होता. कारण काय, तर मी कचेरीत पत्रं लिहितो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' या तीन शब्दांवर माझा संसार चालतो, एवढीच माझी साहित्यसेवा. पण "तू लिहितोस ना रे काहीतरी?" असं माझ्या बाकावरच्या जुन्या सोबत्यानं विचारलं आणि बाकीच्या नऊ जणांनी फोनवर अंगठे दाखवले. स्वतः त्यानं फलक छापून आणायचं सोपं काम घेतलं. त्या फलकाकडे आपण नंतर येऊ.

रात्री जेवणं झाल्यावर कागद घेऊन बसलो. 'आदरणीय बाई' इथपर्यंत ठीक होतं. पुढे लिहिलं, 'आपले व्यक्तीमत्व' आणि पेन थांबलं. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. कुणी नव्हतं, पण बाई मागे उभ्या राहिल्या की मानेला जी थंडी वाजायची ती तशीच वाजली. कोश काढला. 'व्यक्तिमत्त्व' निघालं. क्ति ऱ्हस्व आणि शेवटी दोन त, त्यांना खाली व. आयुष्यभर मी ह्या शब्दाचा एक त खात आलो होतो आणि त्याचा हिशेब कुणी मागितला नव्हता.

मग नियमच काढून बसलो. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ पडले. एकूण १८. गीतेचे अध्यायही तितकेच, पण तिथे शेवटी अर्जुनाचा मोह तरी जातो. माझा वाढत गेला. आजोबांच्या पत्रात 'नांव', 'पांच', 'घरीं' अशी टिंबं पेरलेली असायची. न उच्चारली जाणारी ती टिंबं या नियमांनी उडवली, त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. पण पुढे जे वाचलं त्यानं झोप उडाली. निवृत्ती हा शब्द एकटा असला की त्याचा शेवट दीर्घ. त्याला पुढे दुसरा शब्द चिकटून समास झाला की ऱ्हस्व. म्हणजे 'निवृत्ती', पण 'निवृत्तिवेतन'. निवृत्ती लांबलचक आणि वेतन जोडलं की आखूड! हा नियम करणाऱ्यांत कुणीतरी नक्की निवृत्त गृहस्थ असणार.

तीच गत सगळ्या शब्दांची. स्मृती, पण स्मृतिचिन्ह. विद्यार्थी, पण विद्यार्थिप्रिय. कारकीर्द, पण कारकिर्दीत. फूल एकटं असताना दीर्घ, गुच्छात गेलं की फुलांचा. 'उज्ज्वल'ला दोन ज लागतात आणि 'प्रज्वलित'ला एक पुरतो. का, ते विचारायचं नाही. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण त्यांच्याच मानपत्रासाठी त्यांनाच शंका कशी विचारणार?

शेवटी मी पळवाट काढली. ज्या शब्दाची खात्री नाही तो शब्दच काढायचा. उज्ज्वल काढून चांगलं घातलं. स्मृतिचिन्हाऐवजी भेट. कारकीर्द, व्यक्तिमत्त्व, कृतज्ञता, सगळी मंडळी बाहेर. मध्यरात्रीपर्यंत मानपत्र शंभर टक्के शुद्ध झालं. त्यात एवढंच उरलं होतं: 'आमच्या बाई फार चांगल्या आहेत. त्यांनी आम्हाला चांगले शिकवले. त्या आम्हाला फार आवडतात.'

बायकोनं वाचलं आणि विचारलं, "हे मानपत्र आहे की 'माझी गाय'?"

"काय कमी आहे यात?"

"चार पाय आणि एक शेपूट."

पुन्हा सुरुवात केली. या वेळी शब्द बाजूला ठेवून बाई आठवायला लागलो. मी लहानपणी ३ उलटा काढायचो. देवनागरी ३ उलटा काढला की ६ होतो, त्यामुळे माझ्या गणिताचं जे व्हायचं ते व्हायचं. दुसऱ्या कुणी कानाला धरलं असतं. बाईंनी एक दिवस घरून छोटा आरसा आणला, माझ्या पाटीसमोर धरला आणि म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे रे तुझं. फक्त आरशातून आलंय." मग दोघांनी मिळून कुठला आकडा आरशात कसा दिसतो ते पाहिलं. ३६ मात्र आरशातही ३६च दिसतो, हा शोध मला त्या दिवशी लागला. आज बाईंची नोकरीही बरोबर ३६ वर्षांची झाली आहे. माझा आणि ऱ्हस्वदीर्घाचा जो छत्तीसचा आकडा, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, पण तो मानपत्रात घालायचा मोह झाला होता. कापला.

हा आरसा लिहिला आणि मग पेन थांबलं नाही. पहाटे दोन पानं तयार झाली. प्रत्येक शब्द कोशात पाहिलेला. काही तर दोनदा, कारण पहिल्यांदा पाहून पानावर येईपर्यंत विसरलो होतो.

समारंभाचा हिशेब सांगतो. दरवर्षी चाळीस मुलं धरली तर ३६ वर्षांत १४४० होतात. दिवसाची मिनिटंही १४४०च. म्हणजे प्रत्येकानं एकेक मिनिट बोलायचं ठरवलं असतं तरी बाई दुसऱ्या दिवशी याच वेळेला निवृत्त झाल्या असत्या. सुदैवानं बोलणारे सतराच होते. दुर्दैवानं एक मिनिट कुणीच घेतलं नाही. 'बाईंनी मला घडवलं' असं म्हणून जो तो आपण किती घडलो ते सांगायला लागला. आपण बाईंचे सर्वांत लाडके होतो, हे सतराच्या सतरा जणांनी सांगितलं. (ते खोटं आहे. सर्वांत लाडका मी होतो.)

प्रमुख पाहुण्यांनी निवृत्तीचा मुळापासून समाचार घेतला. १८८९ साली जर्मनीत बिस्मार्कनं वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तिथून त्यांनी सुरुवात केली. ते वेतन तेव्हा सत्तरी गाठलेल्यालाच मिळायचं, असं ते म्हणाले. त्यांचा वेग पाहता भाषण संपेपर्यंत सभागृहातले सगळेच पात्र ठरतील असं वाटत होतं. बिस्मार्कवरून बाईंपर्यंत ते आलेच नाहीत. वाटेत पहिलं महायुद्ध लागलं.

त्यातल्या त्यात रंगलं ते दुसरीतल्या एका मुलीचं भाषण. तिनं दोन्ही हात मागे बांधून सुरू केलं, "आमच्या बाई म्हणजे... आमच्या बाई म्हणजे..." आणि गाडी अडली. सभागृह चिडीचूप. तेवढ्यात मंचावरून बाईंनीच हळूच सांगितलं, "मायेची सावली." "मायेची सावली!" मुलगी ओरडली आणि सुटली. पुढे 'ज्ञानाचा सागर'पाशी पुन्हा अडली, बाईंनी पुन्हा हात दिला. भाषण लिहून दिलं होतं दुसऱ्या बाईंनी, पण पाठ करून घेतलं होतं ह्यांनी. वर्गातलं मूल मंचावर अडखळलेलं त्यांना चाललं नसतं, मग स्तुती कुणाची का असेना.

आता फलक. मंचाच्या मागे भिंतभर लावला होता. बाकावरच्या सोबत्यानं मजकूर फोनवर सांगितला होता आणि छापणाऱ्यानं तो ऐकून छापला होता. मोठ्या लाल अक्षरांत 'विद्यार्थीप्रिय', त्याखाली 'व्यक्तीमत्व' आणि तळाशी 'आपले आर्शिवाद सदैव लाभोत'. बाई फलकाच्या पुढ्यात बसलेल्या, पण सारखी मान वळवून मागे बघत होत्या. पुन्हा समोर बघायच्या, रुमाल डोळ्यांना लावायच्या, पुन्हा मागे. सूत्रसंचालकानं ते हेरलं. आवाज कातर करून म्हणाला, "मित्रहो, बाई आज मागे वळून पाहताहेत!" टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या दोघींना हुंदका आवरेना. बाई नक्की काय पाहताहेत, हे त्या सभागृहात मला एकट्याला ठाऊक होतं.

मग मी मानपत्र वाचायला उभा राहिलो आणि पहिल्याच ओळीत लक्षात आलं की ऱ्हस्वदीर्घ ऐकूच येत नाहीत. एवढ्या रात्रीची जागरणं, तो कोश, ते दोन त! कुणालाही काही कळत नव्हतं. आरशाचा परिच्छेद आला तेव्हा बाई हसल्या. तेवढंच.

उत्तरादाखल बाई चार वाक्यं बोलल्या. "खूप छान वाटलं. सगळे आलात. सगळे मोठे झालात. कुणाकडे जाड पेन आहे का?"

पेन मिळालं. बाई खुर्चीवर चढल्या. दोघांनी खुर्ची धरली, मुख्याध्यापकांनी काळजी धरली. बाईंनी 'विद्यार्थी'ची वेलांटी वळवली, 'व्यक्ती'चीही वळवली, त्वला हक्काचा त दिला. मग तळाशी आल्या. 'शि'च्या डोक्यावर चढून बसलेला रफार काढला आणि खोडकर मुलाचा बाक बदलावा तसा 'वा'वर नेऊन बसवला, शीला दीर्घ केलं, दोन पावलं मागे येऊन पाहिलं आणि प्रथमच त्या दिवशी खुर्चीला पाठ टेकून बसल्या. एवढ्या टाळ्या बिस्मार्कला मिळाल्या नव्हत्या.

कार्यक्रम संपला. छायाचित्रांसाठी झुंबड उडाली. बाईंनी त्या गर्दीतच चष्मा लावून मानपत्र वाचायला घेतलं. बोट प्रत्येक शब्दाखालून सरकत होतं. मी समोर उभा, हात आपोआप मागे बांधलेले. पहिलं पान संपलं. दुसरं संपलं. बाईंनी वर पाहिलं.

"एकही चूक नाही."

"नाही बाई."

"कुणाकडून लिहून घेतलंस?"

"बाई, मीच लिहिलं! शप्पथ!"

"अस्सं?" त्यांनी समारंभाची पत्रिका उलटी केली, पेन माझ्या हातात दिलं. "लिही. आशीर्वाद."

डोळ्यांसमोर भिंतीवर तो शब्द दुरुस्त होऊन लटकत होता. नजर वर गेली, तोच बाई म्हणाल्या, "तिकडे बघायचं नाही." मी लिहिलं. हात माझा होता, पण लिहिणारा दुसरीतला होता. आ, मग शि, मग तो रफार हातातून निसटला आणि कुठे जाऊन बसायचा तिथेच बसला.

बाईंनी त्या शब्दाभोवती छोटं गोल केलं. चुकलं असं त्या पूर्वीही कधी म्हणत नसत.

"दहा वेळा लिहून आण."

"कधी आणू बाई?"

"उद्या. आता मला वेळच वेळ आहे."

सात झालेत. तिसऱ्यातला रफार जरा संशयास्पद वाटतोय.