टकटक
कोकणात घर गळतं, होडी गळते आणि माझी गाडीही गळायची. पहिल्या दोहोंचं कुणालाच काही वाटत नाही. गाडीचा विषय मात्र आमच्या घरात रोज सकाळी निघायचा, कारण आईने सारवलेल्या खळ्यात रुपयाएवढा काळा डाग पडलेला असायचा. गाडी जुन्या घाटणीची, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. तिचं तेल गळणं हा दोष नसून स्वभाव आहे, हे आईला पटवणं माझ्याच्याने झालं नाही. शेवटी चतुर्थीच्या आधी एका रविवारी फटी बुजवायच्या लाल सिलिकॉनची ट्यूब आणून मी स्वतः बसलो, इंजिनाच्या झाकणाला ते लावलं आणि गळती बंद केली. आईने त्या दिवशी मला दोन मोदक जास्त वाढले.

तीन आठवड्यांनी कसालहून मालवणला येताना आवाज सुरू झाला. टक, टक, टक. कुणीतरी इंजिनाच्या आत बसून शहाळं फोडतंय असा.

आवाज आला की आपल्याकडे माणसं गोळा होतात. पहिले शेजारचे काका. त्यांनी डोळे मिटून, भजन ऐकावं तसं ऐकलं आणि म्हणाले, "टॅपेट आसत." म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग ढिले. दुसऱ्या एकाने चेन ढिली ठरवली. मासे घेऊन चाललेली एक काकी टोपली न उतरवताच म्हणाली, "सायलेंसरात उंदीर गेलो आसतलो, माझ्या भावाच्या गाडीत गेल्लो." मला स्वतःला टॅपेट हे निदान फार आवडलं. त्याला खर्च येत नाही.

मेस्त्रीने मात्र कान लावण्याआधी प्रश्न विचारला. "थंड आसताना येता काय गरम झाल्यार?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पिस्टन सैल झाला असेल तर गाडी थंड असताना खडखडते आणि तापली की जरा शहाणी होते. पिस्टनच्या दांड्याखालच्या बेरिंगचं उलट. तेल तापून पातळ झालं की त्याचा आवाज वाढतो, आणि थ्रॉटल दिला, चढ लागला की आणखी. माझी गाडी सकाळी गाय होती आणि मालवणात शिरेपर्यंत लोहाराची भट्टी.

"गरम झाल्यावर," मी म्हणालो. मेस्त्रीचा चेहरा डॉक्टरांचा होतो तसा झाला.

मग त्याने हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. आधी वर, मग खाली. टॅपेटची टिकटिक वरून येते आणि निम्म्या गतीची असते: क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, मिनिटाला 1000 फेरे घेत असेल तर व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, 500 वेळाच उघडते. ही टकटक खालून होती, जड होती आणि एकही फेरा चुकवत नव्हती. मलाही ऐकायला दिलं. मी बराच वेळ टॅपेट ऐकण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

तेल काढलं, धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर चमचम उरली, दशावतारातल्या राजाच्या मुकुटासारखी. मेस्त्रीने लोहचुंबक फिरवलं. काही कण उडी मारून चिकटले, काही तिथेच पडून राहिले. चिकटलं ते पोलाद, बाकीचं पितळ किंवा ॲल्युमिनियम. म्हणजे बेरिंग स्वतःलाच खात होतं.

"पण तेल तर भरलेलं होतं!" मी. रोज काडी काढून बघायचो. त्या काडीने तेल आहे एवढंच कळतं, फिरतंय की नाही हे कळत नाही. आणि माझ्या गाडीला तेलाच्या दाबाचा दिवाही नाही. मेस्त्रीने नवं तेल भरलं, हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट सैल केला आणि किक मारली. तिथून तेल पाझरायला हवं होतं. आम्ही तिघं (मेस्त्रीचा पोरगा धरून) मे महिन्यातल्या नळाकडे बघावं तसे त्या बोल्टाकडे बघत बसलो. थेंब नाही. गाडी लगेच बंद केली.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. सिलिंडर उतरला, मेस्त्रीने कनेक्टिंग रॉड, म्हणजे तोच पिस्टनचा दांडा, वर ओढला, खाली दाबला, आणि तो कटकन हलला. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली अजिबात हलता कामा नये. क्रँक दाबून उघडायचा, नवं बेरिंग बसवायचं, पुन्हा सरळ करायचा, हे काम मालवणात होत नाही. तो पोत्यात बांधून घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेला. सोबत माझे साठवलेले सगळे पैसे गेले.

तेलाचा पंप मात्र मेस्त्रीने माझ्यासमोर उघडला. झाकणाच्या कडेने लाल सिलिकॉन आत ओघळलं होतं, वाळलं होतं, आणि त्याचा चवळीएवढा तुकडा तुटून दट्ट्यात अडकला होता. पंप अडला, आणि त्याला फिरवणाऱ्या वर्मचे, म्हणजे मळसूत्री चाकाचे, दाते साफ झाले. जाळीने कचरा अडवायचा, पण हा कचरा जाळीच्या पुढेच जन्माला आला होता.

मेस्त्रीने तो तुकडा चिमटीत धरला. "ह्यां कोणी लावल्यान?"

मी रस्त्यावरच्या एसटीकडे बघत राहिलो.

"गळत होता तोपर्यंत तेल आसा ह्यां तरी कळत होता," तो म्हणाला आणि तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, देवळातला प्रसाद द्यावा तसा.

गाडी महिन्याने आली. मेस्त्रीने झाकणाला साधं कागदी गॅस्केट लावलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात रुपयाएवढा काळा डाग होता. आई झाडू घेऊन बाहेर आली, डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन एक करवंटी आणून गाडीखाली ठेवली.